शिक्र्याने सरडा सोडला



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ९, सुरुवातीचे दोन श्लोक.

मे महिना म्हणजे आमच्या कामात शटडाऊनचा. कारखाना बंद असतो तेव्हाच पॅनल बदलता येतात. त्यामुळे यंदाही लालबागहून चाकण एमआयडीसी, बारा दिवस लॉजवर. काम दहाला सुरू व्हायचं, म्हणून पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून भामचंद्र डोंगर गाठायचो. हो, तोच, जिथे तुकोबा एकांताला बसायचे. लालबागला दुर्बीण काढली की कबुतरं, कावळे आणि घारी. इथे पायथ्यालाच टिटवी ओरडायची, झाडीतून पावशाचं ‘पेरते व्हा’ चालू असायचं. लेण्यांपाशी पोचेपर्यंत शर्ट ओला.

चौथ्या दिवशी एक शिक्रा दिसला. पंजात सरडा. मागे दोन घारी, आणि त्यांच्या मागे उगाचच एक कोतवाल. शिक्रा वळला, खाली आला, पुन्हा वर गेला, पण पाठलाग सुटेना. मग त्याने सरडा सोडला. एका घारीने तो हवेतच पकडला, आणि गंमत बघा, दुसरी घार लगेच तिच्या मागे लागली. शिक्र्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. तो एका वाळक्या झाडावर बसला आणि पिसं साफ करू लागला.

मी दुर्बीण खाली ठेवली. हे मी आधी वाचलेलं होतं!

यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंबद्दल सांगताना अवधूत एका कुरर पक्ष्याचं नाव घेतो. त्याच्याजवळ मांस होतं म्हणून दुसरे बलवान पक्षी त्याला मारायला लागले. मांस टाकलं, आणि त्याला सुख लाभलं. गोष्ट इतकीच. गुरूंच्या यादीत अनेक ठिकाणी कुरर म्हणजे टिटवी असं छापतात, ते मला पटत नाही. टिटवी जमिनीवर किडे टिपते, ती कशाला मांस घेऊन आकाशात उडेल? हा शिकारी पक्षीच असणार. असो.

नाथमहाराजांनी याच स्कंधावर टीका लिहिली, १५७३ साली काशीत पूर्ण केली. ती आमच्या घरात आजोबांपासून आहे. आणि आजोबांपासूनच ती खोलीही आहे. चाळीचा पुनर्विकास ठरला, भाडेपावती आजोबांच्या नावावर, आणि नवीन करार कुणाच्या नावाने यावरून आम्ही व चुलत घर दोन वर्षं बोलत नाही. दादाच्या मुलीच्या बारशालाही मी गेलो नाही.

आता सोपं उत्तर असं की खोली सोडून द्यावी. पण आईला राहायला घर लागतं. माझ्या वैराग्याचं भाडं तिने का भरावं? भागवत वाचून कुणी आईला रस्त्यावर आणत असेल तर त्याने पुन्हा वाचावं.

म्हणून मी त्या रात्री लॉजवर श्लोक परत वाचला. मारणाऱ्या पक्ष्यांबद्दल व्यासांनी एक शब्द ठेवलाय, ‘निरामिष’. त्यांच्याजवळ काही नव्हतं. त्यांचं त्या कुररशी वैर नव्हतं, त्यांना भूक होती. दादाचंही असंच आहे ना? चार माणसं, डोंबिवलीला भाड्याचं घर, रोजची लोकल. मी त्याला दोन वर्षं घार समजत होतो.

आणि मी पंजात खरं काय धरलं होतं? खोली वकिलाच्या फायलीत आहे. माझ्याजवळ होतं ते एकच वाक्य: “आजीचं शेवटचं आजारपण आम्ही काढलं, तुम्ही कुठे होतात?” प्रत्येक बैठकीत मी ते काढतो आणि प्रत्येक वेळी बैठक मोडते. आजीची सेवा केली, ती देवाच्या खात्यात जमा झाली असेल. मी मात्र तिची पावती घेऊन फिरतोय.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर रेंज होती. फोन लावला.

“दादा, मी बोलतोय. रविवारी घरी येऊ का? कागद नाही आणणार. पोरीला बघायचंय.”

बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, “कुठून बोलतोयस? पक्षी ओरडतायत मागे.”

“भामचंद्रवरून.”

“दुर्बीण आण येताना. आमच्या खिडकीत एक पक्षी येतो, नाव सांग त्याचं.”

रविवारी जातोय. वाक्य तोंडात येऊ नये एवढी पांडुरंगाजवळ प्रार्थना करा माझ्यासाठी.

राम कृष्ण हरी.