विहिरीच्या तोंडावरील धोंड

(शास्त्रभाग : उत्पत्ति, अध्याय २९, वचनें १ ते १०)

हारानाच्या शिवारांतील विहिरीची ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत बहुधा लग्नाच्या प्रसंगीं वाचली जाते. याकोब व राहेल यांची भेट येथें झाली, म्हणून ऐकणाराचें सर्व लक्ष त्या भेटीकडे लागतें. आणि तिच्या आधीं पाण्याविषयीं जें सांगितलें आहे तें तसेंच निसटून जातें. परंतु, प्रिय बंधुभगिनींनो, आपण धान पिकविणारे लोक आहों. पाण्याची गोष्ट आपण तरी सोडूं नये.

त्या विहिरीच्या तोंडावर मोठी धोंड असे. सर्व कळप जमल्यावांचून ती कोणी काढीत नसे. सर्व जमले म्हणजे मेंढपाळ धोंड लोटीत, मेंढरांस पाणी पाजीत, आणि ती धोंड पुनः तिच्या जागीं ठेवीत. हें शेवटलें काम लेखकानें वगळलें नाहीं, ही लक्षांत घेण्यासारखी गोष्ट आहे. मेंढरें पिऊन तृप्त झालीं होतीं. धोंड परत लोटण्यांत त्या घटकेस मेंढपाळांचा कांहींच लाभ नव्हता. आंत धूळ जाऊं नये, जनावर पडूं नये, आणि उद्यां जो येईल त्यासही पाणी मिळावें, एवढ्यासाठींच ती परत जाई.

अशा जागीं याकोब येऊन पोंचला. बैरशेबाहून निघालेला, सोबतीस कोणी नाहीं, वाटेंत एके रात्रीं उशाला धोंडा घेऊन उघड्यावर निजलेला. मेंढपाळ म्हणाले, सर्व जमल्यावांचून आम्हांस धोंड काढतां येत नाहीं. राहेल मेंढरें घेऊन आली, आणि याकोबानें पुढें होऊन एकट्यानें ती लोटली. पुष्कळांनीं मिळून करावयाचें काम त्यानें एकट्यानें केलें. त्याच्या बळाची वाखाणणी पुष्कळ उपदेशकांनीं केली आहे. आज प्रश्न निराळा आहे. धोंड काढण्यास बळ लागतें हें खरें. पण एकटा मनुष्य ती परत ठेवतो कीं नाहीं, हें कशावर ठरतें?

हें समजावयास नावेचा एक दाखला देतों. आपल्या बाघ, चुलबंद व गाढवी ह्या नद्या वैनगंगेस मिळतात. वैनगंगा व वर्धा मिळून प्राणहिता होते. आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरींत जाते. १८६० नंतरच्या दहा वर्षांत इंग्रज सरकारनें असा उद्योग चालविला कीं, नागपूर-वऱ्हाडाकडील कापूस ह्याच पाण्यावरून नावांनीं समुद्रापर्यंत न्यावा. ज्यांच्या योजनेनें १८५२ त राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा पुरा झाला, ते आर्थर कॉटन ह्या बेताचे मोठे पुरस्कर्ते होते. वाटेंत तीन ठिकाणीं नदींत खडक आडवे पसरले होते व तेथें नाव चालेना; म्हणून दुम्मागुडेम येथें बंधारा, कालवा आणि लॉक बांधण्यांत आले. पैसा पुष्कळ गेला, आणि १८७१ त तें काम सोडून देण्यांत आलें. कापूस आगगाडीनें मुंबईस गेला. तथापि खालीं गोदावरीच्या मुखाकडील कालव्यांत लॉकांमधून नावा पुढें पुष्कळ वर्षें चालल्या, आणि आपल्या रानांतून वाहून गेलेलें पाणी त्या नावांखालीं होतें.

लॉक म्हणजे पाण्याची पायरी. कालव्याचें वरचें पाणी उंच, खालचें सखल. मध्यें दगडी भिंतींचा एक अरुंद हौद, आणि त्यास वरच्या व खालच्या अंगास भक्कम दारें. नाव वर चढवावयाची असल्यास ती खालच्या दारानें हौदांत आणतात व तें दार लावतात. मग वरच्या अंगाच्या लहान खिडकीवरील फळी लोखंडी किल्लीनें वर उचलली म्हणजे पाणी हौदांत भरूं लागतें, आणि त्याबरोबर नाव आपोआप वर येते. दाराच्या दोन्ही अंगांचें पाणी सारखें झाल्यावांचून तें दार उघडत नाहीं. दहा माणसें रेटीत बसलीं तरी उघडत नाहीं. आणि पाणी समान झालें कीं एक मनुष्य आडव्या लाकडाला पाठ लावून तें सहज ढकलतो. हें सर्व बळापेक्षां वाट पाहण्याचें काम आहे.

इंग्लंडांत असे कालवे अठराव्या शतकापासून आहेत. जेम्स ब्रिंडली यानें आंखलेला ट्रेंट व मर्सी कालवा १७७७ त पुरा झाला. तेथील कित्येक लॉक रुंदीस सुमारें सात फूट, म्हणून त्यांतून जाणारी नावही तेवढीच अरुंद, मात्र लांबीस सत्तर फुटांपर्यंत. पूर्वीं ह्या नावांतून कोळसा व चिनी मातीचीं भांडीं जात; घोडा कांठानें दोर ओढी, आणि नावाड्याचें सगळें कुटुंब नावेच्या टोंकाच्या एका कोठडींत राही. १९६२-६३ च्या हिवाळ्यांत कालवे कित्येक आठवडे गोठून गेले, आणि आधींच मोडकळीस आलेला तो व्यापार बहुतेक संपला. आतां तशा नावांत लोक हौसेनें किंवा घर म्हणून राहतात, आणि त्यांतील कोणी कोणी भर हिवाळ्यांत एकटे प्रवासास निघतात.

अशा एकट्याचें काम मनापुढें आणा. दिवस लहान, चार वाजले कीं अंधार पडूं लागतो. लॉकच्या कांठावर हिंव गोठलेलें, पाय घसरला तर खालीं थंडगार पाणी व निसरड्या भिंती. तो नाव हौदांत घालतो, दोर हातांत घेऊन लोखंडी शिडीनें वर चढतो, दोर खुंट्यास गुंडाळतो, मागचें दार लावतो, चालत पुढें जाऊन फळी उचलतो, आणि पाणी भरेपर्यंत उभा राहतो. बोटें लोखंडास चिकटावींत अशी थंडी. पाणी समान झालें म्हणजे पुढलें दार उघडतो, खालीं उतरून नाव बाहेर काढतो, कांठास बांधतो. येथें त्याचें स्वतःचें काम संपलें. नाव वर आली आहे, पुढील वाट मोकळी आहे, आणि कोठडींत शेगडी पेटलेली आहे.

परंतु मागें दार उघडें आहे व फळी वर आहे. तीं लावावयास त्यानें पुनः नाव सोडून मागें चालत गेलें पाहिजे. दोघे असते तर एक नावेवर राहून दुसरा तें करता. एकट्यास प्रत्येक लॉकवर हा हेलपाटा अधिक. आणि बंधूंनो, ही अधिक खेप पूर्णपणें दुसऱ्यासाठीं आहे. एक हौद भरावयास सुमारें पंचवीस हजार गॅलन, म्हणजे एक लक्ष लिटरांहून अधिक पाणी लागतें. खालचीं दारें जुनीं व झिरपणारीं असलीं, आणि वरचें कोणीं लावलें नाहीं, तर रात्रभर पाणी खालीं निघून जातें. सकाळीं वरच्या टप्प्यांतील नावा चिखलावर बसलेल्या आढळतात. ज्याच्या हातून हें झालें तो तोंवर दूर गेलेला असतो. त्यास तें दिसत नाहीं, आणि कोणीं केलें हें चिखलांत बसलेल्यासही कळत नाहीं.

आतां आपल्या बांध्यांकडे या. भंडाऱ्यापासून १९९९ त वेगळा झालेला हा गोंदिया जिल्हा तळ्यांचा आहे. नवेगांव बांधाचें मोठें तळें अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधिलें असें सांगतात. त्याच्या जातभाईंनीं गांवोगांव पार घालून पाणी अडविलें, आणि तें सोडावयास तुडूम बसविलें. पुढें इटियाडोह व बाघ ह्या प्रकल्पांचे कालवे आले. पाण्याचा नियम मात्र हारानांतला तोच राहिला. ज्यानें दार उघडलें त्यानें तें लावावें.

पण उन्हाळी धानाची वेळ आठवा. पौष-माघाची थंडी, गोंदियाची थंडी विदर्भांत सर्वांस ठाऊक आहे. पऱ्हे तयार, रोवणी आलेली, आणि पाळी रात्रीं दोन वाजतां लागते. मनुष्य घोंगडी घेऊन एकटा पाटावर जातो, दार वर करतो, आपल्या बांध्या भरतो. त्या भरल्या म्हणजे त्यास झोंप येते. दार लावावयास पुनः अर्धा कोस मागें जावें लागतें. तो मनाशीं म्हणतो, थोडें पाणी अधिक आलें तर काय बिघडलें? आणि घरीं जातो. त्याच्या बांधीवरून पाणी नाल्यांत वाहूं लागतें. तिकडे कालव्याच्या शेवटच्या गांवीं, ज्यास आपण टेल म्हणतों, कोणी दुसरा त्याच थंडींत कोरड्या पाटाजवळ बसलेला असतो. त्याचे पऱ्हे पिंवळे पडतात. तो शिव्या कोणास देईल? सरकारास देतो, दैवास देतो. ज्यास द्यावयाच्या तो घोंगडी पांघरून निजला आहे, आणि कदाचित् रविवारीं उपासनेस पहिल्या ओळींत बसणार आहे.

हें लिहितांना कोणी म्हणेल, चोरी तर त्यानें केली नाहीं. पाळी त्याचीच होती. खरें आहे. याच कारणानें ह्या गोष्टीचा न्याय कोणत्याही पंचायतींत होत नाहीं. दुसऱ्याची पाळी तोडली तर भांडण होतें, लाठी निघते, दंड होतो. आपली पाळी संपल्यावर दार उघडें टाकलें, तर त्याचा साक्षीदार एकच आहे, आणि तो गुप्तांत पाहणारा आहे. आपल्या प्रभूनें प्रार्थना व दानधर्म ह्यांविषयीं बोलतांना त्या पाहणाराची आठवण आपणांस दिली आहे. ती आठवण पाटाच्या दाराशीं लागू नाहीं असें कोणीं ठरविलें?

येथें एक विपरीत अर्थ निघूं शकतो, तो टाळला पाहिजे. दार लावणें म्हणजे पाणी अडवून धरणें नव्हे. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायांत पलिष्ट्यांनीं विहिरी मातीनें बुजविल्या असें आहे. त्यांत त्यांस स्वतःस एक ओंजळही मिळाली नाहीं. केवळ इसहाकास मिळूं नये एवढाच हेतु. वरच्या गांवानें मत्सरानें पाट बंद ठेवणें हें त्या जातीचें काम होय. हारानची धोंड आणि पलिष्ट्यांची माती, दोन्हींनीं विहिरीचें तोंड झांकतें. भेद इतकाच कीं एक पुढच्या माणसासाठीं झांकते, दुसरी त्याच्याविरुद्ध.

उपदेशक बंधूंनो, आपणांसही ह्यांत कांहीं आहे. आपण बहुधा एकटेच गांवीं राहतां. थंडींत उपासनेस चारपांच माणसें येतात, पगार लहान, आणि बदलीचें पत्र आलें म्हणजे मन आधींच पुढल्या गांवीं जातें. तेव्हां मागें काय उघडें राहिलें तें पाहावयास कोण जातो? बाप्तिस्म्याची नोंद पुरी केलेली नसते. दोन घरांत बिघाड पडलेला असतो, आणि समेटाचें वचन देऊन आपण निघून जातों. किराण्याच्या दुकानीं उधारी असते. दुकानदार नव्या उपदेशकास पहिल्याच दिवशीं ती सांगतो, आणि त्याचें तोंड बोलण्याआधींच बंद होतें. मागून येणारा त्या गांवीं चिखलावर बसतो तो असा.

आतां याकोबाकडे परत येऊं. त्यानें धोंड लोटली, मेंढरांस पाणी पाजिलें, राहेलीचें चुंबन घेतलें, मोठ्यानें रडला. धोंड त्यानें परत ठेविली कीं नाहीं? शास्त्रांत तें लिहिलेलें नाहीं. मेंढपाळांविषयीं लिहिलें आहे, याकोबाविषयीं नाहीं. त्यास दोष देण्याचा अधिकार मला नाहीं; सर्व कळप अद्याप जमावयाचे होते, तेव्हां बाकीच्यांनीं मागून ती ठेविली असेल. तरी एवढें दिसतें कीं, ज्यास आपलें हवें तें भेटलें त्याची दृष्टि विहिरीवरून निघाली. राहेल भेटली, घर भेटलें, प्रवास संपला. एकट्याच्या मोहाची घडी संकटाची नसून नाव वर येऊन लागल्याची असते. म्हणूनच हारानच्या लोकांनीं सर्व जमेपर्यंत थांबण्याचा नियम केला असावा असें मला वाटतें. धोंड जड होती हें एक कारण. दुसरें, पुष्कळ डोळ्यांदेखत काढलेली धोंड परत जागीं जाते.

प्रभूनें शिष्यांस दोघे दोघे करून पाठविलें. आपल्या मंडळ्यांनीं रात्रीच्या पाळीसाठीं तेंच करावें, अशी माझी सूचना आहे. ज्यांच्या बांध्या एका पाटावर आहेत त्यांतील दोघांनीं मिळून जावें. पहिल्याची पाळी संपली म्हणजे दोघांनीं मिळून दार पाहावें, मग दुसऱ्याची घ्यावी. कालव्यावरील पाणीवाटपाच्या सभेस मंडळीच्या पंचांनीं हजर राहावें, आणि शेवटच्या गांवच्या लोकांस बोलावून पाणी कोठपर्यंत पोंचलें हें त्यांच्याच तोंडून ऐकावें. ज्या घरीं रात्रीं जावयास पुरुष नाहीं, म्हातारी आहे किंवा विधवा बाई लेंकरें घेऊन राहते, तिची पाळी कोणीं सांभाळावयाची हें रोवणी लागण्यापूर्वींच्या रविवारीं उपासना झाल्यावर ठरवून टाकावें, आणि त्याचें नांव वहींत लिहून ठेवावें.