गणित विचारायची लाज

दोस्त हो, प्रश्न साधा आहे. अडलेलं गणित दुसऱ्याला विचारणं म्हंजे भीक मागणं आहे काय?

साधा म्हणतो, पण आपली पोरं ह्याच प्रश्नावर गार पडतात. पनवेलच्या आजूबाजूला इंजिनियरिंगची कॉलेजं झाली. आपल्या वस्तीतली पोरंपोरी तिथं जायला लागली. पहिल्याच वर्षाला मेकॅनिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन छातीवर बसतात. केटी लागते. तरी पोरगं कुणाला विचारत नाही. विचारलं तर कुणीतरी फिसकन हसणार, कोट्यातून आलाय, ह्याला काय येणार! म्हणून ते गप बसतं आणि सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याची असाइनमेंट छापतं. म्हंजे विचारायची लाज वाटते, छापायची वाटत नाही. ही उलटी नीती आपल्यात कुणी घातली?

मी गिरणीत राबणारा माणूस. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे काही गणित कळलं ते जुन्या पुस्तकांतून आणि लोकांना विचारून विचारून. म्हणून ह्या दोन विषयांनाच मी साक्षीला बोलावतो.

मेकॅनिक्समध्ये सुरवातीलाच फ्री बॉडी डायग्रॅम शिकवतात. भिंतीला टेकलेली शिडी घ्या. कागदावर शिडी एकटी काढायची. भिंत पुसायची, जमीन पुसायची. पण पुसलेल्या प्रत्येक आधाराच्या जागी तो आधार जेवढा जोर लावतो त्याचा बाण काढायचा. बाण विसरलात तर हिशेब जुळत नाही. आता वरच्या आळीतल्या हुशार पोराचं चित्र काढा. बाप इंजिनियर, मामा प्रोफेसर, अकरावीपासून क्लास, घरात वेगळी खोली, सीनियरच्या नोट्स. तो म्हणतो, मी स्वतःच्या बळावर आलो. सगळे बाण पुसतो, एकटी शिडी दाखवतो आणि तिला गुणवत्ता म्हणतो. आमच्या पोराला मिळालेला एकच बाण मात्र लाल शाईनं काढतो.

दुसरी साक्ष. वीज गेली की गिरणीतलं चाक एकदम थांबत नाही. वेग जास्त असतो तेव्हा वाऱ्याची अडवणूक जास्त, म्हणून वेग भराभर उतरतो. वेग कमी झाला की उतरणंही मंदावतं. वेग किती झपाट्यानं उतरणार ते त्या क्षणाच्या वेगावर ठरतं, एवढं एक वाक्य गणितात लिहिलं की डिफरन्शियल इक्वेशन झालं. मराठी पुस्तकात त्याला अवकल समीकरण म्हणतात. ते सोडवलं की उत्तरात एक सी उरतो. तो समीकरणातून निघत नाही. वीज गेली त्या क्षणी चाक किती वेगानं फिरत होतं, हे बाहेरून सांगावं लागतं. समीकरण एकच, पण सुरवात वेगळी म्हणून उत्तर वेगळं. सी लिहायला विसरलं तर मास्तर मार्क कापतात. गुणवत्तेच्या गप्पा मारणारे पिढ्यान्‌पिढ्या तो सी गिळून बसलेत. त्यांचे मार्क कोण कापणार?

आणि ही नुसती माझी बडबड नाही. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी सुखदेव थोरात समितीनं केली. शिक्षकांकडून आम्हाला पुरेसा आधार मिळत नाही, असं तिथल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी समितीला सांगितलं. 2007 सालच्या अहवालात ते नोंदलेलं आहे. म्हंजे मदत असते. ती वाटली जाते. फक्त आपल्या पंगतीपर्यंत येत नाही.

कुणी म्हणेल, आता काय अडलंय? आयआयटीवाल्यांची एनपीटीईएलची व्याख्यानं मोबाइलवर फुकट आहेत. आहेत, बहुतेक इंग्रजीत आहेत, आणि बघावीतच. पण खुलं म्हंजे काय, ते आपल्याच जिल्ह्यातल्या महाडनं शिकवलंय. 1923 साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव पास झाला. 1924 साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. ओंजळ भरायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. बाबासाहेबांच्या मागं हजारो माणसं चालत गेली तेव्हा. आणि त्यासाठी डोकीही फुटली. खुलं असणं आणि पाणी पिणं ह्यात चालत जायचं अंतर असतं. ते एकट्यानं कापायचं नसतं.

लाज माणसाला किती महाग पडते बघा. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ जॉर्ज ग्रीन नावाचा माणूस बापाच्या पवनचक्कीत दळण दळायचा. शाळा जेमतेम वर्षभर. 1828 साली त्यानं वीज आणि चुंबकाच्या गणितावर निबंध छापला, तोही वर्गणी गोळा करून. डिफरन्शियल इक्वेशन सोडवायला आज जे ग्रीन्स फंक्शन वापरतात ते त्याच्याच नावाचं. निबंध बघून एडवर्ड ब्रॉमहेड ह्या सरदार माणसानं मदत देऊ केली. ग्रीनला कुणी सांगितलं, बड्या लोकांचं ते नुसतं बोलणं असतं. तो गप बसला. उत्तर लिहिलं ते 1830 साली. पुढं त्याच ब्रॉमहेडच्या आधारानं चाळिशीत केंब्रिजला शिकायला गेला आणि 1841 साली वारला. तो काही अस्पृश्य नव्हता, चक्की घरची होती. तरी बड्यांपुढं त्याची जीभ उचलेना. मग आपल्या पोरांचं काय होत असेल?

मदत बाबासाहेबांनीही घेतली. केळुसकर गुरुजींनी पाठीवर हात ठेवला, सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली ते कोलंबियाला गेले. पण त्यांच्याऐवजी अभ्यास कुणी केला नाही.

इथंच भीक आणि हक्क वेगळे होतात. आयतं उत्तर देणं म्हंजे वरून पाणी ओतणं. आपल्या आज्या-पणज्यांच्या ओंजळीत असंच ओतायचे. तहान भागायची, पण तळ्याला हात लागायचा नाही. उद्या परत ओंजळ धरून उभं. छापलेली असाइनमेंट तसलीच. वाट विचारणं वेगळं. वाट विचारणारा तळ्यात उतरतो.

म्हणून विहारात संध्याकाळी जमा. विचारणाऱ्यानं कोरा कागद आणायचा नाही, अडलं तिथवरचं करून आणायचं. सांगणाऱ्यानं पेन हातात घ्यायचं नाही. बाण विचारणाऱ्यानंच काढायचे, सी त्यानंच शोधायचा. आणि कळलेलं गणित आठवड्याच्या आत तिसऱ्याला समजावून सांगायचं. जो सांगणार नाही त्याला ते कळलेलं नाही असं समजायचं. शिकणं आणि संघटित होणं ही दोन कामं नाहीत. मोर्चात खांद्याला खांदा लावता, मग वहीपुढं का नाही?

अडलंय ना? मग विचारा. वर्गात, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं विचारा. हसणारे हसू देत.

जयभीम.