साधे आणि एकच

‘साधे जेवण’ या दोन शब्दांइतके फसवे शब्द आपल्या स्वयंपाकघरात दुसरे नसतील. दिवाळीला नागपूर-पुण्याहून घरी परतलेली माणसे दोन दिवस चकल्या-करंज्यांचा समाचार घेतात आणि तिसऱ्या दिवशी पोटावरून हात फिरवीत म्हणतात, ‘‘आज काही करू नका हं, साधंच करा!’’ हे ऐकून घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते, त्याचा अर्थ लावण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. तळणाला मेहनत लागते हे सर्वांना दिसते. साध्याला काय लागते ते दिसत नाही.

अंबाडीच्या भाजीचेच घ्या. पाने एकेक खुडायची, दोनदा धुवायची, उकडून त्यांचे आंबट पाणी काढायचे. तांदळाच्या कण्या आणि मूठभर तुरीची डाळ वेगळी शिजवायची. मग सगळे एकत्र घोटायचे आणि वरून जवसाच्या तेलात लसणाची नि सुक्या मिरचीची फोडणी. पाणी कमी काढले तर दात आंबतात, जास्त काढले तर भाजीचा जीव जातो. नेमके किती काढायचे, हे हाताला कळावे लागते, आणि ते कळायला वर्षे जातात. डब्यात मोहरी, जिरे, हळद, तिखट यांपलीकडे काही नसते, त्यामुळे चुकले तर झाकायला काही हाताशी नसते. (वरून चिरलेला सांबार घालायचा तो निराळा. आमच्या भंडाऱ्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पश्चिमेकडून आलेली नवी सून ‘सांबार आण’ म्हटले की पहिले काही दिवस चुलीवरचे पातेले धुंडाळते.)

पण मला लिहायचे आहे ते या कष्टांविषयी नव्हे. मला बरेच दिवस छळणारा प्रश्न निराळा आहे. साधे खाणे हा सद्गुण आहे काय? लहानपणापासून आपल्याला तो तसा शिकवला जातो. गीतेने आहाराची सात्त्विक, राजस, तामस अशी प्रतवारी लावली. आमच्याच विदर्भात, १९३६ सालापासून सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी अस्वाद हे आश्रमाच्या एकादश व्रतांतले एक व्रत मानले. तिथल्या पंगतीला मसाल्याविना उकडलेल्या भाज्या असत आणि कडुनिंबाचा पालाही असे. त्या व्रताविषयी मला आदर आहे. मात्र ज्याने चव सोडली, त्याच्या हाती ती आधी होती. गीतेने शिळे अन्न तामसात घातले, ते ठीकच आहे. पण रोवणीच्या दिवसांत पहाटे रात्रीचाच पाण्यातला भात मिठा-मिरचीशी खाऊन जी बाई चिखलात उतरते, तिला तामस कसे म्हणावे, हे मला आजवर उमगलेले नाही. प्रतवारी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे, मला वाटते, निवडणारा माणूस होता. ज्याला निवड नाही त्याचे साधेपण कोणत्या खान्यात घालावे?

या प्रश्नाचे उत्तर मला आमच्याच जिल्ह्यातल्या एका कडधान्यापाशी सापडते. लाखोरी त्याचे नाव. कोणी लाखोळी म्हणतात, उत्तरेकडे खेसारी. दिवाळीच्या सुमारास, इकडे घरात अनारसे तळले जात असतात तेव्हा, बांधीत धान अजून उभेच असते आणि खाली माती ओली असते. त्या उभ्या धानातच लाखोरीचे बी फेकतात. ना नांगरणी, ना खत, ना पाणी. धान कापून नेले की मागे उरलेल्या ओलाव्यावर ती आपली वाढते. फूल येण्याआधी तिचे कोवळे शेंडे खुडून बायका भाजी करतात. बारीक चिरलेला पाला, थोडी डाळ किंवा कण्या, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. गरम भातावर ही भाजी असली की माझ्या घरी दुसऱ्या कशाची आठवण कोणाला होत नाही.

आणि याच लाखोरीने माणसे पांगळी केली आहेत. इंग्रज अधिकारी स्लीमन याने सागरकडची हकीकत लिहून ठेवली आहे. १८२९ साली गारांनी गहू झोडपला, १८३० साली वेळेवर पाऊस झाला नाही, १८३१ साली पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षे लाखोरी मात्र तरारून आली. लोकांनी तिच्यावर दिवस काढले आणि १८३३ साली तिशीच्या आतल्या धडधाकट माणसांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले. पुढे रीवा संस्थानात गड्यांना मजुरीच लाखोरीची मिळे आणि तिथेही हेच झाले. १९०७ साली तिथल्या महाराजांनी तिच्यावर बंदी घातली. स्वतंत्र भारतात १९६१ साली अन्नभेसळीच्या नियमांत तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती पाळली. पण बांधीतली लाखोरी काही थांबली नाही, आणि तुरीच्या डाळीत, बेसनात तिची भेसळ होत राहिली ती वेगळीच. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध सत्याग्रह केले. २००८ साली महाराष्ट्राने बंदी उठवली.

तिच्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. गरम पाण्यात डाळ भिजवून किंवा उकळून ते पाणी टाकून दिले की त्यातले पुष्कळसे निघून जाते. आमच्या शेजारच्या आजींना रसायनाचे नाव ठाऊक नव्हते, पण ‘‘पयलं पानी फेकाचं’’ हे ठाऊक होते. आता विषाचे प्रमाण कमी असलेली प्रतीक, रतन, महातिवडा अशी वाणेही निघाली आहेत. तरी खरी मेख पाण्यात नव्हती. ज्या घरात लाखोरीबरोबर भात होता, तूर होती, वांगे होते, तिथे ती पिढ्यान् पिढ्या खाल्ली गेली आणि कोणाचे काही बिघडले नाही. महिनोन् महिने पोट मुख्यतः तिच्यावरच भरावे लागले, तिथे तिने पाय घेतले. दाणा तोच, चूलही तशीच. एका ताटात लाखोरीशेजारी दुसरे काही होते आणि एका ताटात नव्हते, एवढाच काय तो फरक.

म्हणून मला ‘साधे’ आणि ‘एकच’ हे दोन शब्द वेगळे ठेवावेसे वाटतात. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही ताटे सारखीच दिसतात. दोन्हींत पक्वान्न नाही, तूप नाही, रंगांची आरास नाही. शहरातला कौतुक करणारा पाहुणा दोन्हींना सारखाच ‘वा!’ म्हणेल. कायद्यानेही नेमके हेच केले. त्याने दाण्याला दोषी ठरवले. लाखोरीचे वेतन देऊन गड्याच्या ताटातले बाकीचे सगळे काढून घेणारा मालक त्याला दिसला नाही.

शाळेत मी एकदा सातवीला ‘माझे आवडते जेवण’ हा निबंध दिला होता. जिलेबी, गुलाबजाम, कोंबडी असे ठरलेले पीक आले. एका मुलीने मात्र लिहिले होते, ‘पाहुणे येतात त्या दिवशीचे.’ त्या दिवशी काय असते, म्हणून मी तिला विचारले.

‘‘वरण-भात अन् वांग्याची भाजी, बाई.’’

‘‘मग रोज काय असतं?’’

‘‘रोज वरण-भात, नाहीतर भाजी-भात.’’

तिच्या लेखी मेजवानी म्हणजे ‘नाहीतर’च्या जागी ‘अन्’ येणे. शाळेतल्या दुपारच्या जेवणाचेही मी याच मापाने मोजते. १९९५ साली ती योजना सुरू झाली तेव्हा पोरे कोरडा तांदूळ पिशवीतून घरी नेत. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या म्हणून बजावले. खिचडी साधी असते याची तक्रार कोणी करू नये. पण तिच्यात पालेभाजी पडली तर ती साधी, आणि रोज पिवळीच आली तर ती एकच.

कोणी म्हणेल, विविधता ही पैसेवाल्यांची चैन. आमच्या झाडीपट्टीत तरी तसे नाही. पहिल्या पावसाचा तरोटा, मग काटवल, वास्ते, सात्या, बांधावरची घोळ, हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे, आणि तेच वाळवून ठेवले की उन्हाळ्याची बेगमी. यांतले पुष्कळसे विकत घ्यावे लागत नाही. मात्र त्यासाठी रान लागते, बांध लागतो आणि ते खुडायला एका बाईचा सकाळचा वेळ लागतो. तणनाशकाचा फवारा बांधावर गेला की घोळ गेली, आणि बाई दिवसभर मजुरीला गेली की तरोटा रानातच जून झाला. मग घरात पैसा थोडा अधिक येतो आणि ताटातला एक जिन्नस कमी होतो. हा हिशेब कोणत्याही वहीत मांडलेला मी पाहिला नाही.

आणि ज्या घरात हे सगळे शाबूत आहे, त्या घराच्या आतही पंगतीला दोन टोके असतात. पहिल्या ताटात भात, वरण, भाजी, चटणी. मुले दुसऱ्यांदा भाजी मागतात, पाहुण्याला आग्रह होतो. शेवटी ती बसते तेव्हा कढईला फोडणीचे तेल लागलेले असते, त्यातच ती भात कालवते. एकाच चुलीवर, एकाच वेळी रांधलेले अन्न पहिल्याला साधे असते आणि शेवटच्या ताटात एकच उरते. ‘‘मला कढईतलाच भात आवडतो,’’ असे ती वर म्हणते. माझी आई म्हणे, सासूबाईही म्हणत. ते खरे होते की नव्हते, हे विचारायला त्या दोघींतली आज कोणीही नाही.

माझ्या घरी आता भाजी उतरवली की वाढण्याआधी एक वाटी बाजूला काढून, झाकून फडताळात ठेवतात. कोणासाठी, ते ठरलेले नाही. जो शेवटी जेवेल त्याची. गेल्या आठवड्यात ती माझ्या मुलाच्या वाट्याला आली. भाजी थंड झाली होती म्हणून तो कुरकुरला, आणि वाटी चाटून पुसून ठेवून गेला.