मनाला हाक कोणत्या नावानं मारावी?

चाळिशीतल्या एका माळकरी गृहस्थांनी परवा एक प्रश्न आणला. त्यांना एडीएचडी आहे, असं डॉक्टरांनी अलीकडे सांगितलं. त्रास लहानपणापासूनचा, नाव आत्ता कळलं. हरिपाठाला बसलं की तिसऱ्या अभंगाशी मन दुकानाच्या हिशेबात शिरतं. एकादशी दुपारी जेवताना आठवते. मग दिवसभर स्वतःलाच बोल लावायचे : आळशी, बेजबाबदार, नावाचा वारकरी. समुपदेशक बाईंनी सांगितलं, रोज स्वतःविषयी चांगलं बोला. यांची अडचण अशी, की संतांनी स्वतःला पतित म्हटलं आणि आपण स्वतःला चांगलं म्हणायचं, हा अहंकार नव्हे का? नेम पाळता येत नाही, तर माळ उतरवून ठेवावी काय?

माळ उतरवू नये. ती नेम पाळणाऱ्याला मिळालेलं बक्षीस नव्हे.

तुकोबारायांनी आपले दोष उघड सांगितले, हे खरं. पण कुणापुढे? विठ्ठलापुढे. लेकरानं आईला गुडघा खरचटल्याचं दाखवावं तसे. दाखवून झालं की ते हक्कानं मागतं, भांडतंही. या गृहस्थांचं बोलणं मात्र ऐकणारा कोणी नाही. स्वतःच आरोपी, स्वतःच न्यायाधीश, आणि सुटका नाही. शब्द सारखे असले तरी हे करुणेचं मागणं नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितलंच आहे, की माणसानं स्वतःला वर काढावं, खचवू नये.

म्हणून काय खोटी स्तुती करायची? तसंही नाही. ‘मी सर्वगुणसंपन्न आहे’ असं शंभरदा घोकलं तरी आतला साक्षीदार मान हलवतो. कॅनडातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हे तपासून पाहिलं. ज्यांचं स्वतःविषयी मत मुळात वाईट होतं, त्यांना अशी वाक्यं म्हणून बरं वाटण्याऐवजी जास्तच वाईट वाटलं. वाक्य खरं हवं. ‘मन गेलं होतं, परत आणलं’ हे खरं आहे आणि चांगलंही आहे. त्याच सहाव्या अध्यायात देवानं एवढंच मागितलं आहे, की मन जिथं जिथं जाईल तिथून परत आणा. किती वेळा, ते मोजलेलं नाही.

पुढं अर्जुन कुरकुरतो, की हे मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. देव ते नाकारत नाहीत. चंचल आहेच म्हणतात, आणि अभ्यास व वैराग्य हा उपाय सांगतात. पण उत्तर देताना हाक कोणती मारतात? महाबाहो! ज्या क्षणी शिष्य आपली दुबळी बाजू उघडी करतो, त्याच क्षणी त्याला त्याच्या बळाच्या नावानं हाक. समुपदेशक बाई सांगतात ते याहून फार वेगळं आहे, असं मला वाटत नाही.

ज्ञानोबारायांनीही नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितलं आहे, तेही सलगीनं, विनवणीनं. श्रोत्यांवर ओरडून अवधान मिळत नसतं, हे कीर्तनाला उभा राहिलेला कोणीही सांगेल. मग स्वतःच्या मनावर ओरडून ते कसं मिळेल?

दिंडीत आपण अनोळखी माणसालाही माउली म्हणतो, त्याच्या पाया पडतो. तो मागं राहिला तर थांबतो. हे गृहस्थही तसंच करतात. हजारोंना माउली म्हणतात, फक्त एका माणसाला सकाळ-संध्याकाळ शिव्या देतात. तो माणूसही त्याच विठ्ठलाचा आहे. त्याला शिवी देण्याचा अधिकार यांना कुणी दिला?

भजनी ठेका आठ मात्रांचा. टाळकऱ्याचा एखादा ठोका चुकला तर तो टाळ खाली ठेवून कपाळ बडवत नाही, पुढच्या समेला सामील होतो. कपाळ बडवत बसला तर पुढच्या चार समा जातील.

औषध डॉक्टरांनी दिलं असेल ते घ्यावं. नाम हे औषध टाळण्याची सबब होऊ नये. एकादशीची आठवण दशमीला घरच्यांनी द्यावी, त्यात कमीपणा नाही. आणि हरिपाठ एकट्यानं मांडी घालून करण्यापेक्षा संध्याकाळी देवळात, चार जणांत, उभ्यानं करावा. आपला संप्रदाय चालणाऱ्यांचा आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर नाम घेत चालतो. पावली खेळताना पायांना काम, टाळामुळे हातांना काम, आणि शेजारचा म्हणत असतो म्हणून अभंग सुटला तरी पुढच्या चरणाला धरता येतो.