जळाली की जाळली?

पेपरात चांगलं लिहायचं म्हणजे काय? दिंद्रुडात वस्तीतली शिकलेली पोरं मला हे विचारतात. त्यांना वाटतं, चांगलं म्हणजे सदाशिवपेठी. मला हे पटत नाही. हा प्रश्न नीतीचा आहे.

'घरे जळाली' आणि 'घरे जाळली'. काना फक्त एका अक्षरावरून दुसऱ्यावर गेला. पण पहिल्या वाक्यात दोष आगीचा, दुसऱ्यात माणसाचा. 1978 साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या नाहीत, पेटवल्या गेल्या. 'दोन गटांत हाणामारी' असं छापलं की मारणारा आणि मार खाणारा एकाच मापाचे होतात. याला निःपक्षपातीपणा म्हणत नाहीत, लपवाछपवी म्हणतात.

पण 'जाळली' लिहिणाऱ्यावर पुराव्याचं ओझं येतं. कुणी, कधी, पाहिलं कुणी, फिर्याद घेतली का? पाच घरं असतील तर पाचच लिहा. पन्नास लिहिली की खरी पाचही खोटी पाडतात. बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' काढला, 1927 साली 'बहिष्कृत भारत'. कोलंबियात इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या माणसानं पेपर मराठीत काढला. त्यात राग आहे, पण मुद्दा सोडून नाही.

शब्दही तपासा. ऊसतोडीला गेलेलं नवरा-बायकोचं जोडपं मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता'. तो शब्द त्याच्या वहीत राहू द्या. आपण 'दोनशे कोयते गेले' लिहिलं, तर चारशे माणसांची हत्यारं आपणच केली. त्यात बाई तर मोजलीच नाही.

खरा पेच पुढंच आहे. लिहिणारा बातमी देऊन तालुक्याला निघून जातो. जिचं नाव छापलं ती त्याच रानात मजुरीला जाते, त्याच दुकानातून उधार आणते. मग बातमी खरी असली तरी तिचं नाव छापायचा हक्क कुणाचा? मी म्हणतो, तिचाच. आधी तिला बातमी वाचून दाखवा. ती 'नाव नको' म्हणाली तर नाव काढा, पण घडलेलं काढू नका. काही कार्यकर्ते याला भित्रेपणा म्हणतील. पण दुसऱ्याच्या पाठीवर वळ उठणार असताना आपण धाडस दाखवायचं, ही कसली मर्दुमकी?

ऱ्हस्व-दीर्घ संपादक दुरुस्त करील. वाक्यातला कर्ता मात्र त्यानं गाळू नये, एवढं डोळ्यांत तेल घालून बघा.

जयभीम.