बोंडअळीचे कर्तृत्व

‘बोंडअळीने प्रतिकारशक्ती कमावली’ हे विधान हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावाच्या शिवारातही सहज समजेल. मात्र त्यातील क्रियापद कर्ता गृहीत धरते. हेतू आणि प्रयत्नही सुचवते. जीवशास्त्रीय स्पष्टीकरणात असा कर्ता संभवत नाही. कोणतीही एक अळी काहीच कमावीत नसते. बीटी कपाशीतील विषाने बहुसंख्य अळ्या मरतात. मुळातच तग धरू शकणाऱ्या विरळ अळ्यांची संतती तेवढी वाढत जाते.

अर्न्स्ट मायर यांनी १९६१ साली जीवशास्त्रातील निकटची आणि अंतिम कारणे वेगळी केली. विष अळीच्या आतड्यातील ग्राहीला का चिकटत नाही, याचे उत्तर रेणूरचनेत मिळते. अशाच अळ्यांचे प्राबल्य का झाले, याचे उत्तर मात्र इतिहासातच शोधावे लागते. भारतात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने थैमान घातले. दरम्यान, संवेदनक्षम अळ्या टिकाव्यात म्हणून कडेने लावावयाच्या बिगर-बीटी ओळी बहुतेक शेतांत लागल्याच नाहीत.

निवडीला निवडणारा नसतो, हे खरेच. परंतु येथे निवडीची परिस्थिती माणसाने घडविली होती. कर्तृत्व अळीला बहाल केले, की बियाण्याचा व्यापार, शासकीय धोरण आणि छोट्या शेतकऱ्याची अगतिकता वाक्यातून गळून पडतात. स्पष्टीकरणातील हेतुवाद म्हणूनच केवळ तार्किक दोष ठरत नाही. तो उत्तरदायित्वाचाही लोप असतो.