अभियोक्ता, लोकअभिरक्षक आणि दंडाचा धर्म

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात चुकीच्या निवाड्याच्या पापाची वाटणी सांगितलेली आहे. त्या पापाचा एक चतुर्थांश अधर्म करणाऱ्याच्या, एक साक्षीदाराच्या, एक सभेतील सभासदांच्या आणि उरलेला राजाच्या माथी येतो. या वाटेकऱ्यांमध्ये राज्याच्या वतीने आरोप सिद्ध करू पाहणारा वकील नाही आणि आरोपीच्या बाजूने बोलणारा वकीलही नाही, कारण त्या व्यवस्थेत पक्षकाराने स्वतः उभे राहून बोलावे अशी सर्वसाधारण अपेक्षा होती आणि महापातकांसारख्या गंभीर आरोपांत तर प्रतिनिधी देण्याचीही मुभा नव्हती. आजच्या फौजदारी न्यायालयात मात्र निवाड्याची बरीचशी घडण या दोघांच्याच हातून होते, आणि आरोपी गरीब असला तर दोघांचाही मेहनताना एकाच सरकारी तिजोरीतून निघतो. तेव्हा चुकीच्या शिक्षेच्या पापात या दोघांचा वाटा किती, आणि ज्याच्या हाती अधिकार अधिक त्याचा वाटाही अधिक धरायचा काय, हा प्रश्न स्मृतिकारांपुढे आला नसला तरी तो धर्माचाच प्रश्न आहे.

सरकारी वकील, म्हणजे कायद्याच्या मराठी परिभाषेतील सरकारी अभियोक्ता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १८ खाली नेमला जातो. त्यासाठी निदान सात वर्षांची आणि विशेष सरकारी वकील व्हायचे असल्यास दहा वर्षांची वकिली लागते. त्याच्यामागे पोलिसांची तपासयंत्रणा, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि केस डायरी, म्हणजे तपास अधिकाऱ्याने रोजच्या रोज लिहिलेली व आरोपीला सहसा पाहायला न मिळणारी नोंदवही, एवढे बळ उभे असते. सत्र न्यायालयातील खटला त्यानेच चालवायचा असतो आणि कोणता साक्षीदार तपासायचा व कोणता सोडून द्यायचा हेही बहुतांशी तोच ठरवतो. परंतु त्याचा सर्वांत मोठा अधिकार शिक्षा मागण्याचा नसून ती मागणी सोडून देण्याचा आहे. संहितेच्या कलम ३६० प्रमाणे, जे १९७३ च्या जुन्या संहितेत कलम ३२१ होते, न्यायालयाच्या संमतीने तो खटला मागे घेऊ शकतो. पूर्वी राजाकडे असलेल्या क्षमेच्या सत्तेचा एक अंश अशा रीतीने एका वकिलाच्या सहीत उतरला आहे, आणि ती सही कोणाच्या सांगण्यावरून झाली हा प्रश्न त्यामुळे केवळ कार्यपद्धतीचा राहत नाही.

या प्रश्नाला लागू पडेल असा एक विचार मराठी आणि कन्नड मुलखांच्या सीमेवरच मांडला गेला आहे. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही टीका चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे लिहिली. राजसभेत बसणाऱ्यांमध्ये नेमलेले आणि न नेमलेले असा भेद करून तो दोघांवर वेगवेगळी जबाबदारी टाकतो. न नेमलेल्याने खोटे बोलू नये आणि गप्प बसू नये एवढेच पुरे असते, पण राजाने नेमलेल्या सभासदाने राजा अन्यायाकडे वळत असेल तर त्याला आवरलेच पाहिजे, नाहीतर दोष त्यालाही लागतो. नेमणूक राजाची असली तरी निष्ठा न्यायाशी, आणि नेमणूक जितकी पक्की तितके विरोधाचे कर्तव्य अधिक, असे हे तत्त्व आहे; सरकारी वकिलाच्या पदाचे इतके नेमके वर्णन आधुनिक निकालपत्रांतही क्वचित सापडते.

या तत्त्वाची कसोटी कर्नाटकात २००० साली लागली. त्या वर्षी ३० जुलैच्या रात्री कन्नड चित्रपटसृष्टीचे दैवत मानले जाणारे राजकुमार यांना चंदनतस्कर वीरप्पनने गाजनूर येथून पळवून नेले, बेंगळुरूत लोक रस्त्यावर उतरले, शहर ठप्प झाले आणि त्यांच्या सुटकेच्या बदल्यात वीरप्पनने ज्या मागण्या केल्या त्यांत मैसूरच्या तुरुंगात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अडकलेल्या आपल्या साथीदारांच्या मुक्ततेचीही मागणी होती. सरकारने ती मान्य करण्याचे ठरवले आणि विशेष सरकारी वकिलाने मैसूरच्या न्यायालयात टाडाखालील आरोप मागे घेण्याचा अर्ज दाखल केला. कर्नाटक-तमिळनाडू सीमाभागात शांतता नांदावी अशा आशयाचे कारण त्यात दिलेले होते. न्यायालयाने संमती दिली. तेव्हा वीरप्पनच्या टोळीने ठार केलेल्या एका पोलीस उपनिरीक्षकाचे वडील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ‘अब्दुल करीम विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात ७ नोव्हेंबर २००० रोजी ती संमती रद्द झाली. सरकारने निर्णय घेतला आणि वकिलाने तो न्यायालयात पोहोचवला, एवढ्याने भागत नाही. खटला मागे घेणे लोकहिताचे आहे असे सर्व कागदपत्रे पाहून सरकारी वकिलाचे स्वतःचे मत झाले पाहिजे, ही त्या निकालाची मध्यवर्ती भूमिका होती. राजकुमार पुढे आठ दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, सुखरूप परतले.

एका लोकप्रिय माणसाचा जीव धोक्यात असताना, राजधानी पेटण्याच्या बेतात असताना सही करणाऱ्या वकिलाला भ्याड ठरवणे अन्यायाचे होईल. त्याने केले त्यात करुणाही असू शकेल. पण क्षमा करण्याचा हक्क स्वतंत्र माणसालाच असतो आणि दुसऱ्याने घेतलेला निर्णय आपल्या नावाने सादर करणाऱ्याची क्षमा ही क्षमाच नसते. शिवाय ज्याचा मुलगा मारला गेला त्या बापाला कोणी विचारलेच नव्हते. नव्या संहितेने कलम ३६० मध्ये पीडिताचे म्हणणे ऐकल्याविना खटला मागे घेण्यास संमती देऊ नये अशी अट घातली आहे, ती या दृष्टीने योग्यच म्हटली पाहिजे.

याच अधिकाराचा दुसरा अपाय न बोलण्यातून होतो. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री राहिलेल्या जयललिता यांच्यावरील बेहिशेबी मालमत्तेचा खटला चेन्नईत चालू असताना २००१ मध्ये त्या पुन्हा सत्तेवर आल्या, त्यानंतर आधी साक्ष देऊन गेलेल्या साक्षीदारांना उलटतपासणीसाठी परत बोलावण्यात आले, त्यांतले बहुतेक फितूर झाले आणि सरकारी वकिलाने त्याला परिणामकारक विरोध केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २००३ रोजी तो खटला बेंगळुरूला हलवला, तो पुढे परप्पन अग्रहार येथील विशेष न्यायालयात चालला आणि अपिलाच्या वेळी सरकारी वकील कोणी नेमायचा यावरूनच २०१५ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला: आरोपीच्या पक्षाची सत्ता असलेल्या तमिळनाडूला तो अधिकार नाही, कर्नाटकाला आहे. खटल्याची जागा बदलली तरी वकील नेमणारा हात कोणाचा यावर न्याय अवलंबून राहतो, हे यातून दिसते.

गरीब आरोपीच्या बचावासाठी राज्याने पगार देऊन नेमलेल्या वकिलाच्या हाती यातले काहीच नसते. महाराष्ट्रात ज्याला लोकअभिरक्षक म्हणतात तो हा वकील राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेखाली करारावर नेमला जातो, त्याला खासगी वकिली करता येत नाही, त्याच्याकडे तपासनीस नसतात, प्रयोगशाळा नसते आणि खटला सुरू करण्याचा किंवा थांबवण्याचा कोणताही अधिकार नसतो. त्याचे सामर्थ्य दोन गोष्टींत आहे. अशिलाने विश्वासाने सांगितलेले कोणीही त्याच्याकडून वदवून घेऊ शकत नाही, आणि अशिलाच्या दोषाविषयी स्वतःचे मत काहीही झालेले असो, राज्याला पुराव्यानिशी आरोप सिद्ध करायला लावणे हे त्याचे कर्तव्य आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत हे कर्तव्य लिहिलेले आहे आणि त्याला लागूनच, निरपराधाला शिक्षा होईल अशा रीतीने फिर्यादी पक्षाच्या वकिलाने खटला चालवू नये व आरोपीचे निरपराधित्व दाखवणारा पुरावा दडवू नये असाही नियम आहे. दोन्ही शेजारी असले तरी त्यांची दिशा वेगळी आहे: अभियोक्त्याची बांधिलकी सत्याशी आहे, म्हणून आपलाच पक्ष हरला तरी चालेल अशी वृत्ती त्याच्याकडून अपेक्षित आहे, अभिरक्षकाची बांधिलकी एका माणसाशी आहे. न्यायालयाची फसवणूक त्यालाही करता येत नाही, पण अशिलाच्या विरुद्ध सत्य शोधून देण्याचे ओझे त्याच्यावर नाही.

ही दुसरी बांधिलकी सामान्य नीतिबुद्धीला खटकते. फेब्रुवारी २०२० मध्ये राजद्रोहाचा आरोप असलेल्या तीन काश्मिरी विद्यार्थ्यांचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असा ठराव हुबळीच्या वकील संघटनेने केला, तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने त्यावर तीव्र नापसंती व्यक्त केली आणि जामीन अर्ज दाखल करण्यासाठी बेंगळुरूहून धारवाडला जाणाऱ्या वकिलांना पोलीस संरक्षण द्यावे लागले. ज्याला सगळ्यांनी टाळले त्याच्याजवळ उभे राहणे हे पापात सहभागी होणे आहे, असा त्या ठरावामागचा समज होता.

या समजाला उत्तर देणारी एक धार्मिक जाणीव बेंगळुरूच्या दक्षिण भागात, ज्या देवीवरून तिथल्या परिसराला बनशंकरी हे नाव पडले तिच्या कनकपुरा रस्त्यावरील देवळात, रोजच्या आचारात दिसते. बदामीजवळची बनशंकरी ही कर्नाटकातल्याप्रमाणे अनेक मराठी घराण्यांचीही कुलदेवता. तिच्या या बेंगळुरूच्या स्थानी पूजेचा खास काळ राहुकाल हा आहे. जो दीड तास पंचांगात अशुभ म्हणून दिलेला असतो, ज्यात एरवी कोणतेही शुभकार्य कोणी आरंभत नाही, त्याच वेळी, विशेषतः मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी, लिंबू अर्धे कापून, रस पिळून, साल उलटी करून केलेल्या पणतीत तूप-वात घालून दिवे लावले जातात. देवीकडे जाण्यासाठी शुभ वेळेची पात्रता लागत नाही, असाच या आचाराचा अर्थ लावता येतो. आश्रय मिळणे आणि निर्दोष ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रामायणात बिभीषण शरण आला तेव्हा, खुद्द रावण आला असता तरी त्याला अभय दिले असते, असे राम सुग्रीवाला सांगतो. त्याने रावणाचा अपराध पुसला जात नाही. आरोपीला वकील देणे याच अर्थाने अभय देणे आहे.

तरीही हा केवळ दयेचा विषय मानणे चूक ठरेल. ‘सुक दास’ खटल्यात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक दोषसिद्धी रद्द केली, कारण आरोपीला मोफत वकील मिळू शकतो हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९७८ च्या निकालात तुरुंगातील माणसाला निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील मोफत देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. याचा तात्त्विक अर्थ असा की शिक्षा देण्याची सत्ता राज्याकडे जन्मतः नसते, विरोध करणारा कोणी समोर उभा राहिला आणि त्याच्या विरोधाला पुरून उरली तरच ती राज्याला मिळते. अभियोक्त्याचा युक्तिवाद अभिरक्षकाच्या सामर्थ्यावरच तोलला जातो, आणि दुबळ्या अभिरक्षकासमोर मिळवलेली शिक्षा कायदेशीर असली तरी धर्म्य म्हणता येत नाही.

म्हणून राज्याने पगार दिलेला असूनही राज्याच्या विरुद्ध बोलणारा हा वकील किती स्वतंत्र आहे, यावर सारे येऊन ठरते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ‘पोक काउंटी विरुद्ध डॉडसन’ या खटल्यात असा वकील अशिलाचा बचाव करताना सरकारच्या वतीने वागत नसतो असे म्हटले. भारतात हे तत्त्व मान्य असले तरी रचना त्याला पुरेशी पोषक नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात, लोकअभिरक्षकाची निवड त्यांच्याच अध्यक्षतेखालील समिती करते, करार दोन वर्षांचा असतो आणि पुढची मुदतवाढ वर्षावर्षाने, काम समाधानकारक वाटल्यास मिळते. ज्या न्यायाधीशासमोर उलटतपासणी लांबवायची, हरकती घ्यायच्या, प्रसंगी त्यांच्याच आदेशाविरुद्ध वर जायचे, त्यांच्या समाधानावर उपजीविका अवलंबून असेल तर नेमलेल्याने राजाला आवरावे ही विज्ञानेश्वराची अपेक्षा पुरी कशी व्हायची? मुदतवाढीचा निर्णय त्या जिल्ह्यातील न्यायाधीशांच्या हातून काढून घेतला पाहिजे आणि अभिरक्षकाला स्वतःचा तपासनीस दिला पाहिजे. तोवर चुकीच्या निवाड्याच्या पापातील राजाचा चतुर्थांश राज्याच्याच माथी राहील. ही रचना अपुरी असली तरी कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या कोणत्याही माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मागण्याचा हक्क आजही आहे आणि त्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० हा आहे.